नसबंदी करायचीय, पण डॉक्टर कोणता?

या महिन्याच्या टपालात तीन पत्रं एकाच विषयावरची निघाली, पुरुषांच्या नसबंदीवरची. इतकी वर्षं हे सदर चालवतोय पण असं पहिल्यांदाच झालं की कोणी ‘करावी का’ असं विचारत नाहीये, ‘कोणाकडे करावी’ असं विचारतंय. बरं वाटलं. म्हणून शुगरवाल्यांची पत्रं पुढच्या अंकात घेतो, रागावू नका.

प्रश्न: डॉक्टर साहेब नमस्कार. वय ३७, सिन्नरला एका कंपनीच्या गोडाऊनला आहे, माल चढवणं-उतरवणं असतं. दोन मुली, मोठी ७ वर्षांची, धाकटी ३. दोन्ही वेळा सिझर. दुसऱ्या सिझरला टेबलवरच बायकोला विचारलं होतं की सोबतच ऑपरेशन पण करून टाकू का, ती घाबरून नको म्हणाली. आता मीच करून घ्यायचं ठरवलंय, तिचं पोट परत कशाला उघडायचं. पण तीन ठिकाणी विचारलं तर तिघांचं तीन तऱ्हा. नाशिकला मोठ्या हॉस्पिटलात युरॉलॉजिस्ट आहेत, ते म्हणाले एक दिवस ॲडमिट, मणक्यात इंजेक्शन, ३८ हजारांचं पॅकेज. आमच्या गावातले सर्जन, ज्यांनी वडिलांचा हर्निया केला, ते म्हणाले “अरे हर्नियापेक्षा सोपं, उद्या ये”. आणि आशाताई म्हणतात सरकारी दवाखान्यात फुकट होतं, वर पैसे पण मिळतात, तिथे ठराविक दिवशी डॉक्टर येतात. मित्र म्हणतो सरकारीत अजिबात जाऊ नको. बायको म्हणते मोठ्या डॉक्टरकडेच जा. मेडिक्लेम चालेल का, आणि कामावर किती दिवसांनी जाता येईल?

उत्तर: आधी एक गोष्ट बोलून टाकतो. सिझरच्या टेबलवर, पोट उघडं असताना बाईला असं विचारणं मला कधीच पटलं नाही, हे बोलणं आठव्या-नवव्या महिन्यात नवरा-बायको दोघांना समोर बसवून करायचं असतं. तुमच्या मिसेस नको म्हणाल्या ते ठीकच केलं. आणि तुम्ही म्हणताय ते शास्त्राला धरून आहे, बायकांचं ऑपरेशन पोटाच्या आत जाऊन करावं लागतं, पुरुषांचं पोटाच्या बाहेरच, अंडकोषाच्या पिशवीच्या कातडीखाली बोटभर अंतरावर होतं.

आता डॉक्टर. तुम्ही तिघांची तुलना डिग्री, बिल्डिंग आणि पैसे यावर करताय, सगळेच करतात. मी यातलं काहीच आधी विचारणार नाही. मी विचारीन, “डॉक्टर, तुम्ही वर्षाला किती करता आणि शेवटची कधी केली?” बस. युरॉलॉजिस्ट असला तरी विचारायचं, कारण त्यांचा सगळा दिवस मुतखडे आणि प्रोस्टेटमध्ये जातो, नसबंदी वर्षाला चार होत असतील तर डिग्री कितीही मोठी असू दे, हात त्या कामाला बसलेला नसतो. १९८७ साली अमेरिकेतली एक पाहणी छापून आली होती, त्यात वर्षाला दहापर्यंत नसबंद्या करणाऱ्यांच्या पेशंटमध्ये आत रक्त साचून गोळा व्हायचं प्रमाण ४.६ टक्के होतं आणि पन्नासच्या वर करणाऱ्यांकडे १.६ टक्के. आकडे जुने आहेत, देश दुसरा आहे, पण ऑपरेशनं करणारा कोणीही माणूस तुम्हाला हेच सांगेल.

आणि हा प्रश्न आपल्याकडे जास्तच विचारावा लागतो, त्याला कारण आहे. आणीबाणीत, १९७६-७७ च्या एका वर्षात देशात ६० लाखांच्या वर पुरुषांची नसबंदी झाली, कितीतरी जणांची जबरदस्तीने, आणि तेव्हा जो माणूस बिथरला तो आजतागायत परत आलेला नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बायकांच्या नसबंदीचं प्रमाण ३७.९ टक्के आहे आणि पुरुषांचं ०.३ टक्के. म्हणजे पेशंटच येत नाहीत. पेशंट नाहीत म्हटल्यावर डॉक्टरांचा हात बसणार कुठून? माझ्या बरोबरीचे कितीतरी चांगले सर्जन आहेत, पोटातलं काहीही काढतील, पण एनएसव्ही (नो-स्काल्पेल व्हॅसेक्टॉमी, ब्लेडशिवायची नसबंदी) त्यांनी ट्रेनिंगमध्ये दोन पाहिल्या तेवढंच.

हे एनएसव्ही म्हणजे काय ते सांगतो, कारण गावातल्या सर्जनना तुम्ही हेच विचारायचंय. जुन्या पद्धतीत ब्लेडने एक किंवा दोन चिरे देऊन नस, म्हणजे शुक्राणू वाहून नेणारी नळी, बाहेर काढायचे आणि टाके घालायचे. १९७४ साली चीनमधल्या डॉ. ली शुनच्यांग यांनी ब्लेडशिवायची पद्धत काढली, त्यात दोनच खास हत्यारं लागतात, एक टोकाला गोल कडी असलेला चिमटा, त्याने कातडीवरूनच नस धरायची, आणि दुसरा अणकुचीदार टोकाचा, त्याने कातडीला बारीक भोक पाडून ते रुंद करायचं. एकाच भोकातून दोन्ही बाजूच्या नसा होतात, टाका लागत नाही, रक्त कमी जातं. फक्त एक घोळ करू नका, आपल्याकडे ‘बिनटाक्याचं’ म्हटलं की लोक बायकांचं दुर्बिणीचं ऑपरेशन समजतात, म्हणून सरळ एनएसव्ही असंच म्हणा. जुन्या पद्धतीनं करणारा डॉक्टर वाईट असं नाही हं, त्यात हात बसलेला असेल तर चालेल, पण दोन्ही उपलब्ध असतील तर मी एनएसव्ही घेईन.

मणक्यातल्या इंजेक्शनची साधारणपणे गरज नसते. जागेवर भूल देऊन पंधरा-वीस मिनिटांत होतं आणि माणूस थोडा वेळ पडून घरी जातो. पूर्वी हायड्रोसिल, हर्निया किंवा अंडकोष खाली आणायचं ऑपरेशन झालेलं असेल, आत चिकटलेलं असेल, नस हाताला लागत नसेल, किंवा पेशंट हात लावला तरी उडत असेल, तर मोठी भूल समजू शकतो. तुमच्या पत्रात यातलं काही नाही. मग ३८ हजारांत एक दिवसाची खोली कशासाठी, हे त्यांना विचारायला लाजू नका, कारण असेल तर सांगतील. मेडिक्लेमच्या भरवशावर तर राहूच नका, संततिनियमन आणि नसबंदी बहुतेक सगळ्या पॉलिसीत वगळलेली असते.

“उद्या ये” वर माझा आक्षेप आहे. पहिल्या भेटीत डॉक्टरने तुम्हाला झोपवून तपासलं पाहिजे. ती नस हाताला कशी लागते सांगू का, कच्च्या शेवईसारखी, बारीक पण कडक, आणि बोटाखालून सटकते. बाकीच्या रक्तवाहिन्या मऊ असतात, ही एकटीच कडक. अंगठा, मधलं बोट आणि तर्जनी अशा तीन बोटांत ती अचूक वर आणून धरणं हेच या ऑपरेशनचं अर्धं कौशल्य आहे, आणि सरावातला डॉक्टर गप्पा मारता मारता दहा सेकंदांत दोन्ही बाजूच्या शोधतो. तुमच्याशी मुलींच्या शाळेबद्दल बोलत असेल आणि हात आपलं काम करत असेल, तर समजा माणूस बरोबर भेटला. एखाद्याला जन्मतः एका बाजूची नसच नसते, कुणाला हर्निया निघतो, कुणाला शिरा फुगलेल्या असतात. हे टेबलवर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. शुगर आहे का, रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे का हे पण त्यानेच विचारलं पाहिजे (ॲस्पिरिन घेत असाल तर सांगा, आपल्या मनाने बंद करू नका).

दुसरा प्रश्न जो मी विचारीन तो थोडा आगाऊ वाटेल, “नस कापल्यावर टोकांचं काय करता?” नुसती दोऱ्याने बांधून मधला तुकडा काढला तर कधीकधी टोकं परत जुळतात. म्हणून बरेच जण टोक आतून जाळतात किंवा नसेवरच्या पातळ आवरणाचा पडदा दोन टोकांच्या मध्ये आणून बांधतात, त्याने फेल व्हायचं प्रमाण कमी होतं. उत्तर तुम्हाला सगळं समजलं नाही तरी हरकत नाही, तो सांगतो की चिडतो ते बघा.

आणि तिसरी गोष्ट तर विचारायचीच नाही, तो आपणहून काढतो का ते बघायचं. तीन महिन्यांनंतरची वीर्यतपासणी. माझ्या लेखी डॉक्टर ओळखायची हीच खूण आहे.

का, ते सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळातली गोष्ट. शिबिरात केलेला एक पेशंट सहा महिन्यांनी ओपीडीत आला, टोपी काढून हातात चुरगाळत बसला, सगळी गर्दी संपेपर्यंत बसून राहिला. मग म्हणाला, बायकोला दिवस गेलेत. पुढचं बोलला नाही, पण डोळ्यांत सगळं दिसत होतं, घरात काय चाललं असेल ते. मी त्याला तिथल्या तिथे नमुना द्यायला लावला आणि स्वतः मायक्रोस्कोपला बसलो. शेपट्या वळवळत होत्या. एक नाही, भरपूर. मी त्याला हाताला धरून आणलं आणि म्हटलं बघ इथे डोळा लाव. बराच वेळ बघत राहिला. तपासणीला त्याला कोणी बोलावलंच नव्हतं, शिबिर उरकलं, आकडा भरला, आम्ही मोकळे. त्यात मी पण होतो. त्या बाईला जे ऐकून घ्यावं लागलं असेल ते माझ्या खात्यावर आहे.

नस कापली म्हणजे त्याच दिवसापासून मोकळं नव्हे. कॉक बंद केला तरी पुढच्या पाइपात राहिलेलं पाणी येत राहतं ना, तसं कापलेल्या जागेच्या पुढे शुक्राणू शिल्लक असतात, ते जायला महिने लागतात. म्हणून तीन महिने कंडोम, मग तपासणी, आणि रिपोर्ट क्लिअर आला की मगच सोडायचं. त्यानंतरही गर्भ राहायची शक्यता दोन हजारांत एकाची सांगतात, म्हणजे शून्य नाहीच. जो डॉक्टर “शंभर टक्के गॅरंटी” म्हणतो किंवा “वाटलं तर परत जोडता येते” असं हसत हसत सांगतो, त्याच्याकडून चहा पिऊन परत या. उलट जो सांगतो की शंभरात एक-दोघांना पुढे बरेच दिवस दुखणं राहतं, त्याच्यावर विश्वास ठेवा.

राहिला सरकारी दवाखाना. तुमच्या मित्राला माझा नमस्कार सांगा, पण मला विचाराल तर तुमच्या तीन पर्यायांत मी पहिली चौकशी तिथे करीन. कारण साधं आहे, या जिल्ह्यात पुरुष नसबंदीचा सगळ्यात जास्त सराव बहुधा तिथे ठराविक दिवशी येणाऱ्या डॉक्टरचाच असणार. सरकारात कोणी पण उठून हे ऑपरेशन करू शकत नाही, ट्रेनिंग झालेल्या मान्यताप्राप्त डॉक्टरांची जिल्ह्याची यादी असते, ती ठेवा असं सुप्रीम कोर्टाने २००५ सालीच राज्यांना सांगितलंय. आशाताईंना म्हणा, मला पैसे-बिसे राहू द्या, डॉक्टरांशी आधी एकदा भेट घालून द्या. ऑपरेशनच्या दिवशी नाही, आधी. फेल गेलं किंवा काही गुंतागुंत झाली तर भरपाईची योजना पण तिथे आहे, त्यासाठी सही केलेल्या संमतीपत्राची प्रत आणि कार्ड जपून ठेवायचं. दरवर्षी २१ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर पुरुष नसबंदी पंधरवडा असतो, तेव्हा गर्दी असते आणि टार्गेटची घाई पण असते, मी असतो तर त्याच्या आगेमागे गेलो असतो. तिथे भेटलेला डॉक्टर घाई करणारा निघाला, प्रश्न विचारले की घड्याळ बघणारा निघाला, तर सोडा आणि युरॉलॉजिस्टकडे जाऊन हेच प्रश्न विचारा.

कामाचं म्हणाल तर बसून काम असणारा दोन दिवसांत जातो. तुम्ही आठवडाभर जायचं नाही, वजन नाही, सायकल नाही, आणि खराब रस्त्यावर बाइक पण नाही. तिसऱ्या दिवशी बरं वाटतं म्हणून पोतं उचललं आणि संध्याकाळी नारळाएवढी सूज घेऊन आलेले मी पाहिलेत. सूज वाढत चालली, ताप आला, पू आला तर लगेच दाखवायचं, आणि रात्री फोन कोणाला करायचा तो नंबर ऑपरेशनच्या आधीच मागून घ्या.

प्रश्न: सर, मिस्टरांचं ऑपरेशन पाच महिन्यांपूर्वी खासगीत झालं. तपासणीचं कोणी सांगितलं नव्हतं, मीच कुठेतरी वाचलं म्हणून मागे लागले. ते लॅबमध्ये जायलाच तयार नव्हते, तिथे नमुना द्यायचा म्हणजे लाज वाटते म्हणतात. शेवटी दिला. रिपोर्टवर लिहिलंय की तुरळक शुक्राणू आहेत पण हालचाल नाही. डॉक्टर फोनवर म्हणाले “काही होत नाही”. डॉक्टर बदलू का? — एक वाचक, लातूर

उत्तर: ताई, तुम्ही मागे लागलात हे फार छान केलंत. रिपोर्ट घाबरण्यासारखा नाही. हालचाल नसलेले थोडेसे, म्हणजे मिलीलीटरला एक लाखापर्यंत, शुक्राणू दिसले तरी ते चालतं असं आता बऱ्याच ठिकाणी मानतात. पण तो आकडा रिपोर्टवर हवा आणि नमुना ताजा, दोन तासांच्या आत तपासलेला हवा. नमुना सकाळी देऊन दुपारी बघितला असेल तर हालचाल नसणारच, त्याचा उपयोग काय? लॅबला आधी सांगा की नसबंदीनंतरची तपासणी आहे, नाहीतर ते मूल होत नाही त्याचा छापील फॉर्म भरून देतात. जवळच लॅब असेल तर घरी नमुना घेऊन, बाटली खिशात अंगाच्या उबेत ठेवून, लगेच नेऊन दिलेला चालतो, त्याबद्दल लॅबला विचारा, म्हणजे मिस्टरांची लाज पण वाचेल. महिनाभराने परत करा, शक्य असेल तर एकदम निल येईपर्यंत, आणि तोवर कंडोम. सहा महिन्यांनंतरही हलणारे शुक्राणू दिसले तर मात्र ऑपरेशन फेल गेलं असं धरून परत करावं लागतं.

डॉक्टर बदलायचा का? रिपोर्ट न बघता फोनवर “काही होत नाही” म्हणणाऱ्याकडे परत ऑपरेशनला मी जाणार नाही. पण रिपोर्ट वाचून घ्यायला कोणताही जाणकार चालेल, त्यासाठी भांडायला नको.

प्रश्न: वय २९, पुण्यात आयटीत. लग्नाला दोन वर्षं झाली, दोघांनाही मूल नकोय, अगदी ठरवून. तीन डॉक्टरांनी नाही सांगितलं, एकाने तर आईवडिलांना घेऊन या म्हटलं! हा माझा हक्क नाही का? करणारा डॉक्टर कसा शोधू?

उत्तर: आईवडिलांना आणा म्हणणाऱ्याने जरा जास्तच केलं. तुमच्या संमतीपत्रावर सही तुमची लागते, बायकोची सुद्धा कायद्याने सक्ती नाही. पण सरकारी निकषांत लग्न झालेलं असावं आणि निदान एक मूल, तेही वर्षाच्या वरचं, असावं असं आहे, म्हणून सरकारी दवाखान्यात तुमचं होणं अवघड. खासगी डॉक्टर पण त्याच निकषांच्या आड उभे राहतात, उद्या तुम्ही पस्तिशीत येऊन भांडाल ही भीती. त्यांचं सगळंच चूक आहे असं मला वाटत नाही, आणि तुमचा निर्णय उथळ आहे असंही नाही. र. धों. कर्वे आणि मालतीबाईंनी ठरवून मूल होऊ दिलं नव्हतं, तेही शंभर वर्षांपूर्वीच्या मुंबईत.

शोधताना फोनवर “करता का” असं विचारू नका, नाहीच ऐकू येईल. दोघांनी मिळून युरॉलॉजिस्टची वेळ घ्या, त्यातही नस परत जोडायची ऑपरेशनं करणारा असेल तर उत्तम, कारण पस्तावलेले लोक त्याने पाहिलेले असतात, तो तुम्हाला खरं सांगेल. जोडता येते हे खरं, पण १९९१ च्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात तीन वर्षांच्या आत जोडलेल्यांपैकी ७६ टक्क्यांच्या बायकांना दिवस गेले आणि पंधरा वर्षांनंतर जोडलेल्यांत ३० टक्केच. म्हणजे जितक्या उशिरा जोडायला जाल तितकी आशा कमी. वीर्य गोठवून ठेवायची सोय असते, त्याबद्दल तो विचारेल, तेव्हा चिडू नका.

आणि त्याने विचार करायला दोन महिने देऊन परत बोलावलं तर चौथं नाव शोधू नका, त्याच्याकडेच परत जा. ऑपरेशननंतर खाली आधार लागतो, म्हणून जाताना लंगोट घेऊन ठेवा, घट्ट बसणारे, दोन. एक कायम वाळत असतो.